माझी ओळ कोण खोडतं?

सोमवार, ४ नोव्हेंबर

या आठवड्याचा निश्चय: कोणाबद्दलही घाईने मत बनवायचं नाही.

नवा सर्व्हर आला. अभिलेखागारातले जुने फोटो शुक्रवारपर्यंत त्यावर हलवायचे, कारण जुना सर्व्हर भंगारात जाणार. अडचण किरकोळ आहे. तळघरातल्या मोठ्या स्टोरेजकडे दोन केबल जातात, म्हणून तिथली प्रत्येक डिस्क सर्व्हरला दोनदा दिसते. दोन्ही वाटा एकाच डिस्कच्या आहेत, हे ओळखणं मल्टीपाथ नावाच्या प्रोग्रामचं काम. पण या शहाण्याने सर्व्हरच्या स्वतःच्या पोटातल्या दोन डिस्कही बाहेरच्या समजून ताब्यात घेतल्या. घरच्यांनाच पाहुणे ठरवलं! हात लावायला गेलं की उत्तर येतं, डिस्क वापरात आहे.

सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली: या दोघींना वगळ. वगळल्या. समोरच्या टेबलावरून बोडिलने विचारलं, अरे आस्गर, रीस्टार्ट करून पाहिलंस का? इतकी वर्षं एका खोलीत बसतो, आमचा कुत्रा उन्हाळ्यात तिच्याकडे असतो, तरी हा प्रश्न. गरज नाही म्हणालो.

मंगळवार

बोडिलने अपडेट टाकून सर्व्हर रीस्टार्ट केला. डिस्क पुन्हा मल्टीपाथच्या ताब्यात.

फाइल उघडली. माझी ओळ जागच्या जागी, अक्षरही हललेलं नाही. म्हणजे कोणीतरी ती खोडली, काम साधलं आणि परत लिहून ठेवली. काय ही सफाई.

सर्व्हरचा पासवर्ड दोघांनाच माहीत. स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, चूक माझी असू शकते का? पुरेसा वेळ दिला. नाही.

हेतू? आमच्याकडे घोळ घालणाऱ्याने शुक्रवारी सगळ्यांना केक आणायचा आणि उभं राहून घोळ काय ते सांगायचं, अशी रीत आहे. बोडिलला बेकरीवाली नावाने ओळखते. माझ्यावर ती पाळी अजून आलेली नाही. हे कोणाला खुपत नसेलच असं नाही. मत बनवत नाही. फक्त नोंदवतो.

बुधवार, दुपार

बोडिलला न सांगता पासवर्ड बदलला. डिस्क सोडवल्या, सर्व्हर रीस्टार्ट केला. पुन्हा तेच!

म्हणजे नवा पासवर्डही तिला कळला. कसा, ते जेवताना लक्षात आलं. पासवर्ड म्हणून कुत्र्याचं नाव ठेवलं होतं. विश्वासाने घरात घ्यावं, तर हे.

तिने हेरिंग माशाचा डबा पुढे केला. पोट ठीक नाही म्हणालो. उपाशी राहिलो, पण तत्त्वाने.

साहेबांच्या, म्हणजे गोर्मच्या कानावर घातलं. तक्रार नव्हे, माहिती. तो म्हणाला, तुम्ही दोघं कॉफी घ्या आणि बोला. डॅनिश माणसाला घराला आग लागली तरी आधी कॉफी लागते.

गुरुवार

तिघांची बैठक. मी पुरावे मांडले. आवाज चढवला नाही, याचं समाधान आहे. बोडिल म्हणाली, तुला खरंच वाटतं मी हे केलं? मी म्हणालो, मला काही वाटत नाही, मी फक्त वस्तुस्थिती बघतो. ती म्हणाली, बूट इमेज परत बनवलीस का? मी म्हणालो, विषय बदलू नकोस.

तिने टेबलावरचा दिवा उचलला आणि वर नकाशेवाल्यांच्या खोलीत जागा मागितली. गोर्मने लगेच दिली. जो निर्दोष असतो तो दिवा नेत नाही.

फसवणूक परक्याने केली तर राग येतो. आपल्या माणसाने केली तर काय येतं, ते लिहिता येत नाही.

शुक्रवार, सकाळ

आज सापळा. लवकर आलो. बोडिलचा प्रवेश बंद केला. नेटवर्कची केबल उपटून हातात धरली आणि रीस्टार्ट केलं. खोलीत मी, सर्व्हर आणि केबल.

डिस्क पुन्हा मल्टीपाथकडे.

केबल परत जागी लावली. मग बूट इमेज उघडून पाहिली. जागा होताना सर्व्हर माझी फाइल वाचतच नाही. सुरुवातीच्या गाठोड्यात, म्हणजे या बूट इमेजमध्ये, सेटिंगची जुनी प्रत बांधलेली असते, ती वाचतो. त्यात माझी ओळ कधीच नव्हती. गाठोडं नव्याने बांधायला एक कमांड लागते. दिली. रीस्टार्ट केलं. डिस्क घरी आल्या.

अर्थात, ती जरा स्पष्ट बोलू शकली असती.

शुक्रवार, संध्याकाळ

केक आणला. बेकरीवालीने विचारलं, आज बोडिल नाही आली? उभं राहून सांगितलं, बूट इमेज बनवायची राहिली. सगळे हसले. बोडिलही आली होती. ती म्हणाली, हा झाला सर्व्हरच्या घोळाचा केक. आणि आपला तुकडा बशीत घेऊन वर गेली.

थोड्या वेळाने टेबलावर आमच्या घराची किल्ली दिसली, कुत्र्यासाठी तिच्याकडे असायची ती. वर गेलो. दिवा होता, ती नव्हती. किल्ली दिव्याखाली ठेवून आलो.

फोटो हलवायला लावले. निघताना पाहिलं, किल्ली पुन्हा माझ्या टेबलावर.

या वेळी कोणी केलं, याबद्दल शंका नाही.