चिमटलेला पट्टा

६ मे

देव आहे. आज सकाळी चिन-हुआत माझ्या स्कूटर दुरुस्तीच्या दुकानासमोर गाडी ढकलत आला.

अकरा वर्षांत या गल्लीत कधी फिरकला नव्हता. आज घामाने निथळत होता. उजव्या हाताने हँडल धरलेलं, डावा हात खिशात. गेल्या साली अर्धांगाचा झटका आला, तो हात कामातून गेला, हे ऐकलं होतं. तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. आजही वाटलं नाही.

"पट्टा गेलाय," म्हणाला. "चढावर नुसती बोंबलते, पुढे सरकत नाही."

"या ना, धाकटे मालक. तुमच्याकडे कारागीर नाहीत वाटतं?"

"दुकान बंद केलं. बाबा गेल्यावर." मग माझ्या हातांकडे बघून – "काय गं आ-हून, आता तरी जोर आलाय का यांच्यात?"

आणि हसला! अर्धंच तोंड हसलं.

मी म्हटलं, ठेवा गाडी. पट्टा मागवावा लागेल, बुधवारी बसवते. गुरुवारी सकाळी न्या.

"गुरुवारी नक्की दे. क्वान्झलिंगला जायचं असतं मला, गरम पाण्याच्या झऱ्यावर. हात बुडवून बसायला सांगितलंय डॉक्टरने."

क्वान्झलिंग. म्हणजे तो वळणावळणाचा डोंगर. उतरताना एका बाजूला दरी.

७ मे

रात्रभर तेच तोंड डोळ्यांपुढे. लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

गाडी मुळात लिआव बाईंची. नंबर वाचायची गरजच नव्हती, पट्ट्यावरच्या डाव्या झाकणावर घसरल्याचे ओरखडे अजून तसेच आहेत. प्राथमिक शाळेच्या बाई. वस्तादांकडे, म्हणजे चिन-हुआतच्या बाबांकडे, मी नऊ वर्षं कामाला होते तेव्हाचं गिऱ्हाईक. पट्टा बदलून नेला आणि अडतीस किलोमीटरवर, साखर कारखान्याच्या वळणावर, पुढचा नट निघाला. मागचं चाक जागच्या जागी जाम. बाईंचा खुबा मोडला.

नट का निघाला हे आमच्यातलं कुणीही सांगेल. पुढे इंजिनापाशी नटाने आवळलेल्या दोन ताटल्या असतात, त्यांच्यात पट्टा फिरतो. बसवताना तो मागच्या बाजूला खोल दाबून पुढे ढिला सोडायचा असतो. तसं केलं नाही तर पट्टा ताटल्यांत चिमटतो. ठरलेला जोर लागला की पाना कट्ट वाजतो, आपल्याला वाटतं नट आवळला. आवळलेला असतो पट्टा! गाडी धावली, पट्टा सरकला, की नट मोकळा. पहिल्या महिन्यातला शिकाऊ करतो ही चूक.

ती माझ्या माथी मारली. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, याच चिन-हुआतने – "बाईच्या हाताला जोर कुठला? आवळलाच नसेल." त्या दिवशी मी तीन पट्टे बदलले होते. लिआव बाईंचा त्यात नव्हता. मी ओरडून सांगितलं. कोण ऐकतंय! फळांची टोपली घेऊन मला इस्पितळात पाठवलं, पलंगापाशी वाकून माफी मागायला लावली, आणि संध्याकाळी त्यानेच कामावरून काढून टाकलं.

वस्ताद काही बोलले नाहीत. हात धूत उभे होते. निघताना त्यांनी आपला स्वतःचा पाना माझ्या पिशवीत टाकला. आजही मी तोच वापरते. त्यांचा फोटो माझ्या दुकानात आहे. दर चांद्रमहिन्याच्या बीजेला आणि सोळाव्या दिवशी, दुकानाची पूजा करते तेव्हा, त्यांनाही उदबत्ती दाखवते. एवढ्या शेणात तो एकच माणूस माझा होता.

तो पट्टा चिन-हुआतनेच बसवला होता. मला पक्कं ठाऊक आहे. फक्त पुरावा नव्हता.

८ मे

शेजारच्या पेजवाल्या मावशी म्हणाल्या, "तुझा वैरी गाडी ठेवून गेला म्हणे? माशाची पेज पाठवते, खा आणि ताकदीने सूड घे." चेष्टाच ती. मी वाडगं चाटूनपुसून संपवलं.

आज फक्त एक हलकटपणा केला. हवेच्या मशीनवर मी खाऊची हिरवी पुडी ठेवते, सगळेच ठेवतात, मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून. मुदत संपलेली पुडी ठेवली तर ते उलट बिथरतं. गेल्या आठवड्यात एकीची मुदत संपली होती. ती काढून त्याच्या सीटखाली सारली. फार बरं वाटलं.

९ मे

पट्टा आला.

१० मे

सकाळी झाकण उघडलं. जुना पट्टा झिजून करंगळीएवढा उरला होता, कडांचे धागे सुटलेले. आत सगळी काळी भुकटी. झाकण पालथं घालून बाजूला ठेवलं.

त्या भुकटीखाली आकडे असणार. वस्तादांच्या दुकानाचा नियम – ज्याने पट्टा बदलला त्याने स्वतःच्या हाताने, टोच्याने, झाकणाच्या आत किलोमीटर कोरायचे. अकरा वर्षं मला हेच झाकण बघायचं होतं. अपघातानंतर चिन-हुआतने मला गाडीजवळ फिरकू दिलं नाही, वस्तादांनी ती ठेवून घेतली आणि मरेपर्यंत स्वतः चालवली. आणि आज समोर आलं, तर हात पुढे होईना. माझाच आकडा निघाला तर? तीन नाही, चार पट्टे बदलले असतील तर? खरं लिहिते, ही भीती मला अकरा वर्षं आहे.

म्हणून ठरवलं की बघायचंच नाही. त्याला शिक्षा द्यायची आणि मोकळं व्हायचं.

नवा पट्टा चढवला. मागे दाबला नाही. पुढे चिमटू दिला. वस्तादांचा पाना लावला, कट्ट वाजला. जी चूक माझ्या नावावर घातली तीच करून देते, धाकटे मालक. जोर किती ते बघा आता. क्वान्झलिंग जाऊन-येऊन साधारण चाळीस किलोमीटर. मी गुणगुणतसुद्धा होते.

आता झाकण लावायचं. आणि मी ब्रश घेतला. मळकं झाकण लावायचं नाही, हे वस्तादांनी पहिल्या आठवड्यात टपली मारून शिकवलं होतं. ज्याचा जीव घ्यायला निघाले त्याच्या गाडीचंही झाकण मी घासत होते! पेट्रोल ओतलं, भुकटी वाहून गेली, आकडे वर आले. एकाखाली एक, सात-आठ ओळी.

१८,४०८. लिआव बाई पडल्या तेव्हा मीटरवर १८,४४६ होते. ते मी विसरणं शक्य नाही.

आकडा माझा नाही. माझे आकडे बारीक, तिरके.

चिन-हुआतचाही नाही.

इंग्रजी आकड्यांतले दोन्ही आठ म्हणजे दोन सुटे गोल, एकावर एक ठेवलेले. त्याच्याखालचे सगळे आठ तसेच. असा आठ आमच्या दुकानात एकच माणूस काढायचा. शेवटी शेवटी त्यांना जवळचं दिसत नव्हतं, चष्मा लावायला लाजायचे.

मग नट काढला. पट्टा मागे खोल दाबला, पुढे ढिला सोडला, पुन्हा आवळला. तीनदा तपासला. सीटखालची पुडी काढून फेकली. वस्तादांच्या हातून चूक झाली होती. मी तीच मुद्दाम केली आणि अर्धा तास तशीच राहू दिली. हे कुणाला सांगणार नाही.

११ मे

चिन-हुआत आला. त्यानेच विचारलं, "झाकण साफ केलंस?"

"केलं."

"बाबा जाताना म्हणाले होते, ही गाडी आ-हूनकडेच न्यायची. बाकीचे झाकण तसंच लावतील, ती घासल्याशिवाय लावणार नाही, आतले आकडे वाचेल." मान खाली घालून उभा राहिला. "चूक कुणाची ते मला तेव्हाच कळलं होतं. ते माझे बाप होते गं. तू परकी होतीस."

मी किल्ली दिली. गेला.

वस्ताद, एवढी वर्षं टोच्या तुमच्या हातात होता, तोंड नव्हतं का? फोटो उतरवायला स्टुलावर चढले, उतरवला नाही. उलटा करून टांगला. बीजेला उदबत्ती मिळेल, पण पाठीला. अकरा वर्षं मी तोंड लपवून काढली. आता तुम्ही भिंतीकडे बघा.