उतावळी चिप

३ मार्च २०२५

गेली! सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी डिझाइनची फाइल परदेशातल्या चिप कारखान्याकडे गेली. आता बोट लावता येत नाही.

अकरा वर्षं दुसऱ्यांच्या चिपा तपासल्या – ज्यांची नावं आईला सांगायचीही परवानगी नव्हती. ही माझी. तशी नक्कलच म्हणा. पस्तीस वर्षांपूर्वीचा एक प्रोसेसर, मूळ कंपनीने बनवणं कधीच बंद केलेला, पण त्याच्यावर अजून देशभर हजारो मशिनं चालतात. तो मेला की मशीन भंगारात. आम्ही तसाच नवा करतोय. जुना उपटायचा, त्याच चाळीस पायांच्या जागेत आमचा बसवायचा, मशिनला पत्ताही लागता कामा नये.

निरंजनने विचारलं, सगळं तपासलंस ना? म्हटलं, परत विचारलंस तर अपमान समजेन. निरंजन आमचा साहेब. सात माणसांच्या कंपनीला परवडेल एवढाच साहेब. पेढे मात्र त्यानेच आणले.

४ मार्च

चंद्राबाईंना पेढा दिला. घरमालकीण. मी वर, त्या खाली. कशाचा म्हणाल्या. दोन वर्षं राबत होते ते काम पुढे पाठवलं, आता चार महिन्यांनी चिपा हातात येतील, असं सांगितलं. त्यांनी बोटावर महिने मोजले आणि म्हणाल्या, मग भातासारखंच की! आमचं ऑफिस आहे तिथं त्यांचं खाचर होतं, हे त्या मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात. आज भाड्याचा विषय नाही निघाला, त्यामुळे पेढा सत्कारणी लागला.

१९ मार्च

उरवड्याला जाऊन आले. चाचणी तिथेच होणार, दादासाहेबांच्या कारखान्यात. पत्रा दाबून गाड्यांचे भाग करतात. अकरा प्रेस, सगळ्या जुन्या, सगळ्यांच्या डोक्यात तोच प्रोसेसर. तीन बंद पडल्यात. मेलेल्या मशिनची चिप काढून जिवंत मशिनला लावायची, असं इतकी वर्षं चाललंय. आता काढायलाही उरली नाही.

दादासाहेब चांगले आहेत, पण रोखठोक. "चाललं तर बाकीच्या धा कारखानदारांना मी सांगतो. न्हाई चाललं तर तेबी सांगणार." गाडीत निरंजन म्हणाला, हे पास झालं नाही तर काम गुंडाळावं लागेल. मी म्हटलं, गुंडाळायची वेळ आली तर सतरंजी मी स्वतः आणून देते. इतकी खात्री आहे मला!

७ जुलै

आल्या! चाळीस नग. बोटाएवढं काळं अंग आणि चाळीस पाय – जुनीच वाटते दिसायला. पहिलीला वीज दिली. जिवंत! तिला विचारलेल्या सगळ्या बेरजा-वजाबाक्या जुन्या चिपेशी ताडल्या. एकही उत्तर चुकलं नाही. एकही! चाळीसच्या चाळीस पास. निरंजनने हात जोडले. जोडलेच पाहिजेत.

१४ जुलै

उरवडे. तिन्ही बंद प्रेसमध्ये आमच्या चिपा बसवल्या. दादासाहेबांनी नारळ फोडला. बटण दाबलं, आणि दोन वर्षं मुकी पडलेली चार नंबरची प्रेस धाडकन खाली आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पावसाच्या नावावर खपवलं.

चार नंबरवर जयसिंग नावाचा माणूस असतो. कोळवणचा, चाळिशीचा, सव्वीस वर्षं प्रेसवर. मशिनला हात लावून उभा राहिला फक्त.

१७ जुलै

चालतायत.

१८ जुलै

अजून चालतायत! दादासाहेबांचा फोन – तीन प्रेसवर माल पूर्वीपेक्षा जास्त निघतोय, काय जादू केली ताई? मी म्हटलं, नव्या रक्ताचा गुण. लई फुशारकी मारली.

२३ जुलै

आज माझ्या फुशारकीला काठी बसली.

उगाच कौतुक ऐकायला गेले होते, खरं सांगायचं तर. जयसिंगशेजारी स्टूल टाकून बसले. त्याला विचारलं, कशी आहे माझी चिप? एक पत्रा आत सरकवला. मग म्हणाला, "चांगलं चालतंय म्याडम. पन लई घाई करतंय." म्हणजे काय म्हटलं, तर त्याने उजव्या हाताचा हातमोजा दाखवला. मधल्या बोटाचं टोक चपटं झालेलं, फाटलेलं. आत बोट नव्हतं म्हणून बरं.

मग नीट बघितलं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे दाबताना दोन्ही हात बाहेर राहतात. यांनी उजव्या बटणात आगपेटीची काडी खुपसून ते कायमचं दाबून ठेवलंय! एका हाताने बटण, दुसऱ्याने पत्रा आत. मी ओरडलेच. जयसिंग शांतपणे म्हणाला की दोन्ही हात बटणावर ठेवले तर पत्रा कोण सरकवणार, आणि सगळीकडे असंच चालतं. बटण दाबलं की प्रेस क्षणभर थांबते, मग येते. त्या क्षणात हात बाहेर काढायचा. सव्वीस वर्षं तेवढ्यात निघतो हात.

मोबाइलवर चार नंबरचं आणि शेजारच्या जुन्या चिपेवरच्या प्रेसचं शूटिंग करून सावकाश चालवून पाहिलं. जुन्या चिपेवर थांबा जवळजवळ एक सेकंद. माझ्या चिपेवर त्याच्या दोन तृतीयांश.

बसवलेल्या तिन्ही चिपा तिथल्या तिथे काढून पर्समध्ये टाकल्या. दादासाहेब मागे धावत आले. त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही, पण आवाज चढला होता माझा.

२४ जुलै

सापडलं. आणि चूक माझी आहे, ते इथे लिहूनच टाकते.

जुन्या प्रोग्रॅममध्ये थांबायचं असलं की चिपेला नुसते उलटे आकडे मोजायला लावलंय. आकडे संपले की पुढचं काम. प्रत्येक आकड्याला चिपेच्या आतल्या घड्याळाचे दोन ठोके लागतात असं मूळ कंपनीच्या माहितीपुस्तकात छापलंय. मी तेच धरलं. खरी जुनी चिप एका ठरावीक जागी तीन ठोके घेते! तिच्यातला दोष, कुणी कुठे लिहून ठेवला नाही. पण मशीन बनवणाऱ्याने कानाने, डोळ्याने, त्या तीन ठोक्यांवरच सगळे थांबे बसवले. मी उत्तरं जुन्या चिपेशी ताडली आणि वेळ पुस्तकातून घेतला. शहाणपणा! नकळत तिचा दोष दुरुस्त केला आणि माणसाच्या हातावर बेतवलं.

अकरा वर्षं दुसऱ्यांच्या याच चुका दाखवून पगार घेतलाय मी. काय बोलायचं!

२५ जुलै

निरंजनशी कडाक्याचं भांडण.

त्याचं म्हणणं – आपण पुस्तकाप्रमाणे बरोबर आहोत. काडी त्यांनी घातली, आपण नाही. काडी काढायला लावू, लेखी घेऊ, आणि हीच चिप उत्पादनाला पाठवू. त्याचं सगळंच चूक नाही, म्हणून जास्त राग आला. मी म्हटलं, आपण पुस्तकाच्या जागी पुस्तक बसवत नाही आहोत. देशात या मशिनांमध्ये किती काड्या खुपसल्यात, मोजलंयस? तू जाऊन काढणार आहेस एकेक?

तो म्हणाला, चार महिने जातील. म्हटलं, जाऊ देत. तो म्हणाला, दादासाहेब थांबणार नाहीत. म्हटलं, मी थांबवते. शेवटी म्हणाला, "गौतमी, उत्पादनाच्या कागदावर तुझी सही लागते. नाही करणार?"

"तीन ठोके होईपर्यंत नाही."

दार आपटून गेला. संध्याकाळी स्वतःच चहा घेऊन आला, दोन कप.

२ ऑगस्ट

आता थोडी मान वर करते! डिझाइन करताना चिपेच्या कोपऱ्यात मी काही गेट – सर्किटचे छोटे घटक – रिकामी ठेवली होती, कुणालाच न जोडलेली. घरात जादा पाट ठेवतात ना, आयत्या वेळी पाहुणे आले तर – तसं. तेव्हा निरंजन म्हणाला होता जागा वाया घालवतेस. आज त्यांतली अकरा वापरून तिसरा ठोका बसवला. सगळी चिप नव्याने करायला नको, वरच्या तारांचा एक थर बदलला की झालं.

या वेळी पुस्तक कपाटात. जुनी चिप टेबलावर ठेवून प्रत्येक हुकमाचा प्रत्येक ठोका तिच्याशी ताडतेय. अजून दोन ठिकाणी पुस्तक खोटं निघालं. तेही तसंच ठेवलं. जशी आहे तशी!

१२ ऑगस्ट

सुधारलेली फाइल गेली. पेढे नाहीत. मीच नको म्हटलं.

३० सप्टेंबर

दादासाहेबांचा फोन, तिसऱ्यांदा. तीन प्रेस परत बंद, ऑर्डर हातची चालली, पहिल्या चिपा द्या म्हणतात. दिल्या नाहीत. म्हणाले, ताई, तुमी आमच्यापेक्षा हट्टी हायात. म्हटलं, आहेच.

२१ नोव्हेंबर

नव्या चिपा आल्या. तीन ठोके. तीनच! हजार वेळा मोजले.

२६ नोव्हेंबर

उरवडे. बसवल्या. आठ दिवस इथेच बसायचं ठरवलंय, कौतुक ऐकायला नाही, मोबाइल घेऊन. थांबा जुन्याइतकाच, केसाचाही फरक नाही. जयसिंगचा हात आत जातो, बाहेर येतो, मग प्रेस येते. त्याला विचारलं, आता? म्हणाला, "व्हय. पयल्यासारकं झालं." एवढंच. हसला नाही. माणूसच अबोल, आणि दिवसभर उभं राहून दमतोही.

मला मात्र नाचावंसं वाटत होतं.

४ डिसेंबर

आठ दिवस, तिन्ही प्रेस, एकही बिघाड नाही. दादासाहेबांनी पास म्हणून लिहून दिलं आणि बाकीच्या कारखानदारांना माझ्यासमोर फोन लावले. काडीचा विषय मी परत काढला. म्हणाले, बघू. दर वेळी बघूच म्हणतात. त्यांना सोडणार नाही मी.

११ डिसेंबर

सही केली! दहा हजार नग उत्पादनात. अजून पस्तीस वर्षं ही मशिनं चालतील, आणि माझ्यामुळे कुणाचं बोट जाणार नाही. निरंजन सगळ्यांसमोर म्हणाला, गौतमीचं ऐकलं ते बरं झालं. हे वाक्य मी तारखेसकट लिहून ठेवतेय. आईला फोन केला, चिपेचं नावही सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण दोघी खूप हसलो.

इतकं हलकं किती वर्षांत वाटलं नव्हतं.

१९ डिसेंबर

उरवड्याहून अर्ज आलाय. दादासाहेबांचा नाही, तीन प्रेसवरच्या माणसांचा. पहिली चिप परत बसवावी. टार्गेट पुरं झालं की सुट्टी असते. त्या चिपेवर ते पाचलाच पुरं व्हायचं, साडेपाचची एसटी मिळायची. आता सव्वासहा होतात. मग सातची, ती कधी येते, कधी येतच नाही. कोळवणला पोचेपर्यंत पोरं झोपलेली असतात. खाली सहा सह्या, मदतनीसांच्या धरून. पहिली जयसिंगची.

त्याला फोन केला. म्हटलं, अहो, तुमचाच हात जाणार होता ना?

"हात आमी संबाळतो, म्याडम. तुमी त्या यष्टीचं बगा."