बंद चिमणी

४ जून
आलो एकदाचे! घर लहान, पण अंगण ऐसपैस आणि विहिरीचं पाणी गोड. लेकीच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, म्हणून तिला आम्ही चिमणी म्हणतो. ते ऐकून घरमालकीणबाई हसल्या. म्हणाल्या, गावात आणखी एक चिमणी आहे, शिसं वितळवायच्या भट्टीची. खाण संपली तशी तीही बंद पडली, त्यांच्या आजोबांच्या वेळी. ती आमच्या खिडकीतून दिसते. म्हणजे एक बोलकी आणि एक मुकी, छान जोडी जमली!

१५ जून
शाळेत रुजू झाले. पहिलीचा वर्ग इतका शांत की माझाच आवाज मला कर्कश वाटला. मुलं फार गुणी आहेत, असं मुख्याध्यापकांना म्हटलं तर ते हजेरीपट चाळू लागले. भेटेल तो विचारतो, गोडी लागली का? मी आपली सांगते, लागली की! माणसं लाघवी आहेत.

९ ऑगस्ट
कितीही पुसा, खिडकीत राखाडी धूळ पुन्हा हजर. हल्ली चहाला साखर लागेनाशी झालीय.

२७ सप्टेंबर
चिमणी अंगणात मातीचे लाडू करते. आज एक चाटताना सापडली. धपाटा घातला, तर म्हणते कशी, आई, गोड आहे! गोडी लागली का? लोक गावाबद्दल विचारत नव्हते.

२८ सप्टेंबर
डॉक्टरांना तिच्या हिरडीवर निळी रेघ दिसली. म्हणाले, धूर थांबला, पण खाली बसलं ते शिसं जाणार कुठे? मातीत आहे, विहिरीत आहे. लगेच निघा म्हणाले. दादाकडे जायचं ठरवलं.

२९ सप्टेंबर
दिवसभरात चिमणीनं एकदाही ‘का?’ विचारलं नाही. कुंपणाशी माझ्या वर्गातली मुलं ओळीनं बसलीत, तोंडात बोटं घालून. कुणी चकार शब्द काढत नाही. ती त्यांच्यात जाऊन बसली. ओढून आणली. भीती वाटते.

३० सप्टेंबर
कपडे भरताना सदऱ्याची ती — गोल, काजात जातात ती — शब्द आठवेना. चिमणीला विचारलं. ती बघत राहिली.

१ ऑक्टोबर
गाडी आली. गाडीवाला विचारत होता, कुठे जायचं. दादाचं गाव — नदीकाठी — सांगता येईना. तो थांबला, मग गेला. घरमालकीणबाई रडत होत्या.

सकाळ
तहान. पाणी गोड.
लेक दिसत नाही. कुंपणाशी असेल. हाक मारायला हवी. नाव — सोपं आहे — खिडकीतून दिसतं ते उंच — त्याचंच नाव हिलाही —