ड्रायव्हरची उंची

प्लेनो, टेक्सस
१४ ऑक्टोबर २००६

ती. शोभनाताईस नमस्कार.

मी रागात आहे, म्हणून खुशाली आधी उरकते. आम्ही दोघं बरे आहोत. देवदत्तांची साखर आटोक्यात आहे. इथला उन्हाळा एकदाचा निवला. भाऊजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे तुझ्या पत्रावरून कळलं, आनंद वाटला.

आता तुझ्या पत्राबद्दल.

इथल्या यतीनचं स्थळ तुझ्या नातीसाठी, ऋतासाठी, चांगलं आहे असं तू लिहिलंस. असेल. त्याची आई रेणू सध्या त्याच्याकडे आली आहे, तिला मी भेटावं हेही मान्य. पण मुलगा पाच फूट सात इंच, म्हणून ऋताची उंची मी पाच सहा सांगावी? फोटोत ती बारीक असल्यामुळे उंच दिसते, असं म्हणावं? आणि वर ऋताला तू सांगितलंस, "तुझ्या वसुआजीनं हेच केलं, तिचं काही अडलं का?" हे तू मला कळवलं नाहीस. तिनं ईमेलवर कळवलं. तिनं मला एकच प्रश्न विचारला आहे: "वसुआजी, किती वर्षं वाकायचं असतं?"

त्या पोरीला उत्तर देण्याआधी तुला एक हकीकत सांगते. ती मोटारीची आहे. कंटाळू नकोस.

मे महिन्यात मी शाळेतून निवृत्त झाले. देवदत्तांनी मला न विचारता एक मोटार मागवली. तयार नाही, सुटे भाग. ट्रकमधून लाकडी खोकी उतरली आणि आमचं गॅरेज भरून गेलं. दोन माणसांची, उघडी, जमिनीलगतची छोटी गाडी. इथे आलो त्या वर्षी तसली एक रस्त्यात पाहून मी म्हणाले होते, अशी चालवायला मिळाली तर मजा येईल. ते यांनी लक्षात ठेवलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला सगळ्यांसमोर जाहीरही केलं, "ही हिची गाडी. हीच चालवणार."

सगळा उन्हाळा हे आणि नागपूरचा शैलेंद्र गॅरेजमध्ये घाम गाळत होते. शैलेंद्र इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, दर शनिवारी स्वतःचे पाने घेऊन यायचा. मी सरबत करून द्यायचे आणि मनातून फार खूश होते. हे कबूल करते.

सप्टेंबरमध्ये गाडी उभी राहिली. लाल. मी आत बसले.

ताई, मी आत मावले नाही. दोन्ही गुडघे स्टिअरिंगला अडकले. पाय पेडलवरून उचलता येईना. समोरच्या काचेची वरची चौकट बरोबर डोळ्यांपुढे, म्हणजे रस्ता दिसायचा तर काचेवरून पाहायचं नाही तर खालून. आणि मी काय केलं असेल? मान खाली घातली, पाठीला पोक काढलं, गुडघे फाकले आणि म्हणाले, "छान बसते की."

शैलेंद्र म्हणाला, "काकू, असं ड्राइव्ह केलंत तर ब्रेक कोपरानं मारावा लागेल."

मग तो देवदत्तांकडे वळला.

"यार काका, तुम्ही कंपनीला हाइट काय दिली होती?"

देवदत्त म्हणाले, "पाच पाच." मागणीच्या फॉर्मवर ड्रायव्हरची उंची लिहायची असते, सीट आणि पेडल त्या मापानं येतात.

पाच फूट पाच इंच ही देवदत्तांची उंची. ती माझी कशी झाली हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? स्थळासाठी माझी माहिती लिहायला तूच बसली होतीस. नवऱ्याएवढी चालेल, जास्त नको, म्हणून माझे इंच तू पेनानं कापलेस. मग लग्नाचं रजिस्टर, पासपोर्ट, इथलं ड्रायव्हिंग लायसन्स, सगळीकडे तेच. सपाट चपला, मानेवर खाली बांधलेला अंबाडा, फोटोत नेहमी मी खुर्चीवर आणि हे उभे. सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणीच नव्हतं.

मी गाडीतून बाहेर आले. म्हणजे शैलेंद्रनं ओढून काढलं. त्याला म्हणाले, "टेप आण."

गॅरेजच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. शैलेंद्र म्हणाला, "काकू, डोकं भिंतीला टेकवा." टेकेना. टाचा टेकल्या, कंबर टेकली, पण मानेखाली जो बाक आला आहे त्यानं डोकं मागे जाईना. मी जोर लावला. तो पोरगा संकोचून दुसरीकडे बघायला लागला. शेवटी देवदत्त स्टुलावर चढले, माझ्या डोक्यावर पट्टी धरली आणि पेन्सिलीनं रेघ मारली. बाकासकट पाच फूट दहा.

मी त्यांच्याकडे पाहायला धजत नव्हते. साठी उलटलेली बाई, आयुष्यभर वर्गाला धाकात ठेवलेली, आणि नवऱ्याला आपली उंची कळली म्हणून उगाच टेप गुंडाळत राहिले.

ते खाली उतरले. म्हणाले, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"हार घालताना. तू गुडघे वाकवलेस."

"मग पाच पाच का लिहिलंत?"

"आपल्याकडे तेच लिहितात ना," म्हणाले. "खरी विचारायची तर तो विषय काढावा लागला असता. मला वाटलं, तुला नको असेल."

म्हणजे बघ. बायकोला तिची उंची विचारण्यापेक्षा तिला न मावणारी मोटार बांधणं या माणसाला सोपं गेलं. मी त्या दिवशी त्यांच्याशी फार वाईट बोलले. तो राग अजून पुरता गेलेला नाही. इतकी वर्षं मी ज्यांच्यासाठी वाकले, त्यांनी ते मागितलंच नव्हतं. आणि "सरळ उभी राहा" असंही कधी म्हटलं नाही.

पुढचे तीन शनिवार गाडी पुन्हा उघडली. सीटखालच्या सरकत्या पट्ट्या काढल्या, गादी फाडून पातळ केली. तरी गुडघे अडत होते. मग सीटखालचा पत्रा कापून तिथे खोल तबकासारखा पत्रा जोडून घेतला, पेडल पुढे सरकवले, स्टिअरिंग लहान बसवलं. प्रत्येक वेळी मी आत बसायचे आणि शैलेंद्र ओरडायचा, "काकू, चीटिंग नको, ताठ बसा!" मला ताठ बसणं म्हणजे काय ते आठवावं लागत होतं.

आता मी मावते. परवा इथल्या तळ्याकाठापर्यंत चालवत नेली. देवदत्तांना चालवायची असली तर खाली उशी आणि पाठीमागे दुसरी उशी घ्यावी लागते. ते घेतात. कुणाची अब्रू गेली नाही.

तर ऋताचं. रेणूला मी कालच फोन केला. मुलगी पाच फूट दहा इंच आहे, माझ्याएवढीच, असं सांगितलं. ती म्हणाली, "यतीनला विचारून कळवते." नाही म्हणाले तर हे स्थळ माझ्यामुळे गेलं असं खुशाल सगळ्यांना सांग. मी नाकारणार नाही. ऋतालाही उत्तर लिहिलं आहे: एक दिवसही नाही.

लग्नात तू करवली म्हणून माझ्या मागे उभी होतीस. सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत तुझा हात माझ्या खांद्यावर होता. लोकांना ती माया वाटली. तू खाली दाबत होतीस, ताई. तो दाब मला अजून जाणवतो. तू माझ्या भल्यासाठीच केलंस हे मला कळतं, आणि तरी हे लिहिते आहे.

ऋताचा नवा फोटो काढून पाठव. पूर्ण उंचीचा, उभा. काढताना तू तिच्या मागे उभी राहू नकोस.

घरातल्या मोठ्यांना वाकून नमस्कार. तेवढ्यापुरती मी अजूनही वाकते.

तुझी
वसुधा