चिखलात चाललेली बर्फगाडी

बाबा, या हातांनी केलेल्या वस्तू आधी सांगतो. दोन खाटा, आईचं फडताळ, अकरा नांगर, बैलगाडीची चाकं तर मोजायची सोडून दिली, आणि एक बर्फगाडी. यातलं काही मला कुणी शिकवलं नाही, असं मी आजवर सांगत आलोय.

लढाईच्या वर्षांत कर्जत स्टेशनात घाटासाठी मागून इंजिन जोडेपर्यंत पलटणीची गाडी थांबायची. तुम्ही काकड्या विकायचात, आणि एखादा गोरा सोल्जर पैशाऐवजी वाचून झालेलं मासिक द्यायचा. तुम्हाला ते पुड्या बांधायला बरं. मी त्याआधी साहसकथांची पानं काढून घ्यायचो: पांढरं रान, उभं राहिलेलं अस्वल, कुत्र्यांनी ओढलेली बिनचाकी गाडी. शब्दकोश घेऊन एक पान वाचायला तीन दिवस लागत. एका चित्रात कुत्रे सात आणि दोर सहा होते, हे मी मोजलेलं आहे.

शिवणीच्या लाकडाची पाच हात लांब गाडी मी त्या चित्रांवरून केली, लोखंडी खिळे ठोकून. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत. "बरफ कुठं हाय रं? भिवपुरीच्या वीजघरातल्या सायबाकडनं मागून आणतोस काय?"

त्याच वर्षी भाताच्या लावणीत आईचा गुडघा सुजला. रोपांचा भारा डोक्यावर घेऊन चिखलातून जाणं तिला जमेना, आणि उपटलेली रोपं पडून राहिली तर वर्षाचं भात गेलं. मी रोपांच्या जुड्या गाडीत भरतो, दोर खांद्यावर घेतो, आणि गाडी चिखलावरून खरंच सरकते. दुसऱ्या बांधावर चढताना खिळे उपटतात, गाडी उकलते, जुड्या पाण्यात. लावणीच्या बायका हसत सुटल्या. चित्रातलं अस्वल कुठं गेलं, असं माझी पानं पाहिलेल्या एकीनं मला विचारलंसुद्धा.

तुम्ही हसला नाहीत. नांगराच्या चामडी वाद्या सोडून आणल्यात, उरलेले खिळे काढून फेकलेत आणि एकेक सांधा आवळून बांधलात. "खिला ताठ असतो. वाकायची येल आली का निगतो. बांधलेलं वाकतं." दिवस मावळायच्या आत सगळ्या खाचरांत रोपं पोचली. आई बांधावर बसून आपल्या दोघांना हुकूम सोडत होती.

पुढच्या हिवाळ्यात एका मासिकात वाचलं, की त्या बर्फाच्या मुलखातले लोकही गाडीला खिळा मारत नाहीत, कातड्यानं बांधतात. तुम्हाला सांगायला आलो, तुम्ही पुड्या बांधत होतात, तुमचं आधीच बरोबर होतं हे कबूल करणं जिवावर आलं, आणि मी न सांगता परत फिरलो. तेव्हापासून कुणीही विचारलं की बांधणी मासिकातून शिकलो म्हणतो. आता कुंभिवलीपर्यंत चिखलात अशा चार गाड्या चालतात, सगळ्या बांधलेल्या. बायांच्या डोक्यावरचा भार तेवढा उतरला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून फडताळातच राहील. बांधणी तुमची होती, बाबा. गेल्या आठवड्यात मुंबईचा एक गृहस्थ जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनासाठी ती पहिली गाडी मागायला आला. खाली पाटी लावणार होता, एकट्या माझ्या नावाची. मी नाही म्हणालो. बाराशे रुपये देत होता.