प्रशस्तिपत्रावरचं नाव

नवेनगर, महाड
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय मैना,
सप्रेम जय भीम.

तू बरी असशील असं धरून चालते. तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस, आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिण्यासारखं नाही. तू पाचाडला खानावळीत भाकऱ्या करतेस, हे पॅकिंगच्या शर्मिलाकडून कळलं. गड बघायला येणाऱ्यांची रविवारी झुंबड असते म्हणे. पाठ कशी आहे? पॅकिंगला उभं राहून धरायची तुझी.

इकडे ठीक आहे. परवा सावित्रीचं पाणी वाढलं, तेव्हा दासगावात आईनं सगळं सामान माळ्यावर चढवलं आणि दुसऱ्या दिवशी परत उतरवलं. मी मदतीला गेले होते. तुझ्या आईकडेही डोकावले. गुडघे सोडले तर बरी आहे. चहा पिताना तिनं विचारलं, "मैनानं कंपनी का सोडली गो?" मी म्हटलं, घरगुती कारण. तुझ्या राजीनाम्याच्या फॉर्मवर मीच तसं भरलं होतं ना. तू नुसती सही केलीस.

कंपनीत नवीन एचआर मॅडम आल्यात, राजनंदिनी. पुण्याकडच्या, आपल्यापेक्षा लहान. पॅकिंगच्या बायका टिकत का नाहीत, ते शोधायला त्यांना पाठवलंय. त्यांनी जूनमध्ये 'महिन्याची उत्तम कर्मचारी' सुरू केलं. पहिला मान रंगूबाईंना. हजेरीच्या मशीनशेजारी त्यांचा हा एवढा फोटो लावला. दोन दिवस रंगूबाई मान खाली घालून आत आल्या. तिसऱ्या दिवशी स्टुलावर चढल्या आणि फोटो काढून पिशवीत टाकला.

"जित्या माणसाचा फोटू भितीवर लावतात काय?" मॅडमना म्हणाल्या. "नि मी एकटीच काम करते? ठकूबाय रोज समद्यांचे कामावरचे गाऊन धुते, तिच्याकडं कोन बघतंय?"

त्या बिचाऱ्या पोरीचा चेहरा पडला. संध्याकाळी मला म्हणाली, "सरिताताई, माझं काय चुकलं?" मला उत्तर ठाऊक होतं. मी म्हटलं, बायका जुन्या वळणाच्या आहेत, सवय होईल.

मग त्यांनी दुसरं काढलं. शनिवारी पाळी सुटण्याआधी दहा मिनिटं लोडिंगच्या पत्र्याखाली जमायचं. आठवड्यात कोणाच्या कामामुळे आपलं काम सोपं झालं, ते नाव घेऊन सांगायचं. फोटो नाही, बक्षीस नाही. पहिल्या शनिवारी कोणी तोंड उघडलं नाही. नुसता पत्र्यावर पाऊस वाजत होता. दुसऱ्या शनिवारीही तेच. सगळ्या एकदा मॅडमकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे.

तिसऱ्या शनिवारी मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही सुरुवात करा. ती ड्रमची गोष्ट सांगा ना. फाइलमध्ये वाचली मी. किती छान आहे!"

मैना, इथवर येईपर्यंत मी आज दोन कागद फाडले.

त्या दिवशीचं तुला सांगायला नको, पण मला एकदा लिहू दे. माल गाडीत चढत होता. ड्रमवरच्या लेबलचा बॅच नंबर आणि आतल्या पिशवीवरचा नंबर वेगळा आहे, हे तू पाहिलंस. चौदा ड्रम. तू गमबूट घालून पावसात धावलीस आणि फोर्कलिफ्टवरच्या राजेशला ओरडून थांबवलंस. मी मागून आले. तो माल औषधाच्या कंपनीत गेला असता तर काय झालं असतं, ते साहेबांनीच पुढे मला सांगितलं.

केबिनमध्ये साहेबांनी विचारलं, "कोणी पाहिलं?" मी एकटीच उभी होते. त्या महिन्यात माझा करार संपत होता. पुढे ठेवतील की नाही, काही कळत नव्हतं. मी म्हटलं, "मी, सर."

एवढंच. दोन शब्द. बाहेर येऊन सांगणार होते, खरंच. पण तोवर त्यांनी वरच्या ऑफिसला ईमेल पाठवला होता. आठ दिवसांत फ्रेममधलं प्रशस्तिपत्र आलं आणि मी सुपरवायझर झाले.

तू टाळ्या वाजवल्यास. मी पाहिलं.

कूलरपाशी तू मला विचारलं होतंस, "साहेब माझ्याबद्दल काय म्हनाले गो?" मी म्हटलं, "काय नाय." तू ग्लास भरून घेतलास आणि गेलीस. दुसऱ्या दिवसापासून तू डबा दुसऱ्या टेबलावर खायला लागलीस. तरी तीन महिने थांबलीस. ते तीन महिने तू मला वेळ देत होतीस, हे आता कळतं. एका वर्गात शिकलो आपण. दासगावच्या शाळेत एकच पट्टी दोघींत वापरायचो, आणि मी तुझं एवढं नाव घेऊ शकले नाही.

तर त्या तिसऱ्या शनिवारी सगळ्यांसमोर मी सांगितलं. "ते ड्रम मी पाहिले नव्हते. मैनानं पाहिले होते. मी तिचं नाव घेतलं नाही, म्हणून ती गेली."

मला वाटलं, आता शिव्या पडतील. रंगूबाई म्हणाल्या, "आमाला म्हाईत हाय गो. त्या दिशीपासून म्हाईत हाय. तू कधी बोलतेस ते बघत व्हतो."

राजेश म्हणाला, "ती ओरडली तेव्हा गाडीवर मीच होतो, ताई. मलापण कुणी विचारलं नाय. मीपण सांगितलं नाय."

मग ठकूबाईंचं नाव निघालं. त्यांनी पदरानं तोंडच झाकून घेतलं. पाठोपाठ काशीबाईंचं, मग वॉचमन धोंडूंचं, ते उशिरा येणारीसाठी छत्री घेऊन फाटकापर्यंत येतात म्हणून. त्या दिवशी पंचवीस मिनिटं झाली, तरी कोणी बसकडे पळालं नाही. त्यानंतरचे दोन शनिवारही असेच गेले. मॅडम आता काही बोलत नाहीत, कोपऱ्यात उभ्या राहून ऐकतात.

मी बोलले त्यानंतरच्या सोमवारी साहेबांना लेखी दिलं. ते म्हणाले, "झालं ते झालं, फाइल बंद आहे." मी म्हटलं, "सर, मग माझं प्रशस्तिपत्र परत घ्या." त्यांनी माझा कागद बाजूला सारला. चिडले असावेत. सुपरवायझरपदाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. काढून घेतलं तर मी पुन्हा लाइनवर उभी राहीन. पण मॅडम त्यांच्याशी बोलल्या. कंपनीच्या शिक्क्याचं नवीन पत्र सोबत जोडलंय. त्यावर तुझं नाव आहे, तारीख आहे, तू काय केलंस तेही लिहिलंय. टायपिंगची चूक राहू नये म्हणून मी तीनदा वाचलं.

तुला परत यायचं असेल तर जागा आहे, हा मॅडमचा निरोप. मी परत ये म्हणणार नाही. तो हक्क मी घालवला. आणि मला माफ कर असंही आज मागत नाही. मागितलं की तुला उत्तर द्यावं लागेल.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं पाचाडला येते. तुझ्या आईला खरं कारण सांगूनच येईन. तू कामात असशील, भाकऱ्या टाकत राहा. मी बाहेरच्या बाकावर बसेन. बोलावंसं वाटलं तर हाक मार. नाही वाटलं तर चारच्या गाडीनं मी निघेन, आणि मनात काही धरणार नाही.

पत्राखाली 'तुझी' लिहायला हात गेला होता. ते तू सांगशील तेव्हा लिहीन. आज नुसतीच,

सरिता