सहा फेब्रुवारीची गैरहजेरी

लष्कर, ग्वाल्हेर
१५ सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, प्रांजलीला आशीर्वाद. इथे पाऊस संपत आला आणि उकाडा परत आला. माझा गुडघा तसाच आहे, जिना दिवसातून एकदाच उतरते. नळाला पाणी एक दिवसाआड. तुझी साखर आटोक्यात आहे का, ते कळव.

हे पत्र तुझ्या कंपनीबद्दल आहे.

अप्पांचे शंभर शेअर आता माझ्या नावावर झाले आहेत. तू २०२० साली संचालक झालास, त्याच आठवड्यात त्यांनी ते नया बाजारातल्या शेअर-दलाल सूर्याजीरावांमार्फत घेतले होते. तुला सांगायचं नाही, असं मला बजावलं होतं. दर वर्षी कंपनीचा अहवाल आला की भिंग घेऊन ते एकच पान वाचायचे. कोणता संचालक किती बैठकांना हजर होता, त्याचं पान. "चारपैकी चार," म्हणायचे आणि अहवाल कपाटात ठेवायचे. बाकीची दोनशे पानं कोणी उघडत नसे.

यंदा मी उघडली. छापील प्रत हवी तर पत्र लिहून मागवावी लागते, तशी मागवली. तीन दुपारी वाचत होते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे तक्त्यांची मला भीती वाटत नाही.

तुमच्या साहेबांचा पगार कंपनीतल्या मधल्या माणसाच्या पगाराच्या एकशे अठरा पट आहे, असं त्यात लिहिलं आहे. मधला माणूस म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमाने एका रांगेत उभं केलं तर बरोबर मध्ये येणारा. त्याचं नाव दिलेलं नाही. मी दोन दिवस त्याचा विचार करत होते. तो कोण असेल, त्याला हे माहीत असेल का. तू त्याला कधी पाहिलं आहेस का?

वार्षिक सभेच्या ठरावांवर ऑनलाइन मतदान कसं करायचं ते विचारायला सूर्याजीरावांच्या दुकानात गेले. त्यांनी आधी चहा मागवला.

"ताई, शंभर शेअरांत तुम्ही कोणाला पाडणार? मालकांकडेच साठ टक्के आहेत."

"पाडायचं नाहीये. समजून घ्यायचंय."

"मग ठीक आहे. मी तर ऑडिटरच्या विरोधात देतो. हर साल, हर कंपनी."

"सगळेच वाईट कसे असतील?"

"पाच साल ज्यांच्याकडे समोसे खायचे, त्यांच्या वह्यांत चूक काढणार? हम नहीं मानते."

मग त्यांनी मला सहाही ठराव समजावून सांगितले. पहिला हिशेब मंजूर करण्याचा, दुसरा लाभांशाचा, तिसरा ऑडिटरचा, चौथा साहेबांच्या पगारवाढीचा, पाचवा आणखी एका संचालकाचा. सहावा तुझा. तुझी पहिली पाच वर्षं संपली, आणखी पाच हवी असतील तर चारातली तीन मतं तरी बाजूने पडायला हवीत. तुझं नाव वाचून ते म्हणाले, "हे तर आपले अभिरामभैया. इथे काय विचार करायचा, बटन दाबा आणि मोकळ्या व्हा." मी म्हटलं, सगळ्या नावांचा विचार करायचा तर याही नावाचा करायला हवा.

घरी येऊन अप्पांचं ते पान काढलं. यंदा तुझ्यापुढे तीन आहे. चारपैकी तीन. खाली तारखाही दिल्या आहेत. तू नव्हतास ती बैठक सहा फेब्रुवारीची.

मी ती तारीख बराच वेळ बघत राहिले. आधी वाटलं, छापण्यात चूक झाली असेल.

अप्पांचा तेरावा सहा फेब्रुवारीला होता. दोन दिवस आधी तुझा फोन आला होता. सहाला बोर्डाची बैठक आहे, तिमाहीचे आकडे मंजूर करायचे आहेत, ती टाळता येत नाही, असं तू म्हणालास. मी सगळ्या नातेवाइकांना तेच सांगितलं. मंदाताईने नाक मुरडलं तेव्हा तुझी बाजूही घेतली. तिला म्हटलं, अगं, सरकारी नियम असतो तो.

भागधारकाला सभेआधी प्रश्न पाठवता येतात. तुमच्या सेक्रेटरीचा पत्ता नोटिशीच्या शेवटी असतो. त्यांना मी कोण ते माहीत असण्याचं कारण नाही, माझं आडनाव वेगळं. मी ईमेल केली. दोन प्रश्न ऑडिटरबद्दल, एक त्या मधल्या माणसाबद्दल आणि चौथा असा: सहावा ठराव ज्यांच्याबद्दल आहे ते संचालक सहा फेब्रुवारीच्या बैठकीला का नव्हते?

तुला थेट विचारता आलं असतं. तसं केलं नाही, हे मला कळतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. ऑडिटरबद्दल एक पान. मधल्या माणसाबद्दल, ही माहिती खासगी आहे. आणि तुझ्याबद्दल तीन ओळी. वडिलांच्या तेराव्यासाठी ग्वाल्हेरला जावं लागल्यामुळे तू रजा घेतली होतीस. संचालक मंडळाने ती मंजूर केली. बैठकीच्या सुरुवातीला सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली.

दादा, मी हे तीनदा वाचलं. अप्पांना कधीही न भेटलेली आठ माणसं पुण्यात त्यांच्यासाठी उभी राहिली. तू त्यांना ग्वाल्हेर सांगितलंस, आम्हाला पुणं सांगितलंस. आम्हाला वाटत होतं तू तिथे आहेस, त्यांना वाटत होतं तू इथे आहेस.

मला राग आला नाही, खरंच. तुला दिवसभर कोणीच शोधणार नव्हतं, अशी ती सोय होती. त्या दिवशी तू कुठे होतास, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. घरी बसलास का? वहिनीला काय सांगितलंस? जेवलास का?

इथपर्यंत लिहून मी उठले होते. भांडी विसळली, पुन्हा येऊन बसले. आता राहिलेलं लिहिते.

अप्पा पंचवीस जानेवारीला पहाटे पावणेसहाला गेले. तुला माझा फोन दुपारी चार वाजता आला. तेव्हा सगळं उरकलं होतं. धुकं फार आहे, सकाळपासून फोन लागतच नाही, असं मी सांगितलं. तू फक्त "बरं" म्हणालास.

फोन लागला असता. मी लावलाच नव्हता.

सकाळी सहा वाजता लावला असता तर तू दिल्लीचं विमान धरून रात्री नऊपर्यंत पोचला असतास. आम्ही थांबलो असतो आणि अग्नी तू दिला असतास. ते रीतीने झालं असतं. गुरुजींनी विचारलं, "मुलगा कधीपर्यंत पोचतो?" मी म्हणाले, "तो येत नाहीये." तेव्हा तुला काही माहीतही नव्हतं. मग ते म्हणाले, "ठीक आहे, तुम्हीच या पुढे."

हे गेल्यानंतर मी अप्पांकडे आले त्याला अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांत तू चारदा आलास. शेवटची तीन वर्षं त्यांना मी भरवत होते. तो अग्नी मला द्यायचा होता. तो माझा आहे असं मला वाटत होतं, आणि अजूनही वाटतं. पण तुझा काढून घेतला, हेही खरं आहे. तेराव्याला येत नाही म्हणालास तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तू समोर बसून किती वाजता काय झालं ते विचारलं असतंस तर मला सांगता आलं नसतं.

तुझ्या लक्षात आलं होतं का? म्हणूनच आला नाहीस का? सात महिने मला हे विचारायचं होतं. तुमच्या अहवालातला तो आकडा दिसला नसता तर कदाचित विचारलंच नसतं.

मतदान आज सकाळी नऊला उघडलं. ऑडिटरच्या बाजूने दिलं, दुसरा कोण येणार ते माहीत नसताना त्याला घालवायचं कशाला. सूर्याजीराव नाराज होतील. साहेबांच्या पगाराला विरोध केला. त्या मधल्या माणसाचं नाव सांगितलं असतं तर कदाचित केला नसता. तुझ्या नावापुढे "बाजूने" दाबलं. एकदा दिलेलं मत बदलता येत नाही, अशी सूचना येते आणि पडदा परत विचारतो, नक्की का. मी नक्की म्हटलं.

मत आधी दिलं आणि पत्र नंतर लिहायला घेतलं, ते मुद्दाम. तू आता काहीही उत्तर दिलंस तरी माझं मत तुझ्याच बाजूने मोजलं जाणार. म्हणून खरं सांग. सहा फेब्रुवारीला तू कुठे होतास?

उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर आपण दोघंही खोटं बोललो आहोत.

तुझी बहीण,
सीमंतिनी